१/३५ फिगरच्या रायफलची स्लिंग खरी वाटेल अशी कशी करायची?

तोफखाना३५

नमस्कार मंडळी. सध्या टेबलवर दुसऱ्या महायुद्धातल्या दोन फिगर्स आहेत, दोन्ही १/३५, म्हणजे खऱ्या मापाच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या. एक जर्मन पायदळातला, कार ९८के रायफल उजव्या खांद्याला अडकवलेली, नळी वर, आणि उजव्या मुठीत छातीजवळ पट्टा धरलाय. दुसरा अमेरिकन, एम१ गारँड रायफल दोन्ही हातात आडवी आणि पट्टा खाली सैल लोंबतोय असं दाखवायचंय. कपडे, चेहरे, बूट सगळं मनासारखं झालंय पण स्लिंगपाशी, म्हणजे रायफलच्या पट्ट्यापाशी, काम अडलंय.

जर्मनाच्या किटमधे पट्टा रायफलच्या अंगालाच ओतून दिलाय, रायफल आणि पट्टा यांच्या मधे नुसतं प्लास्टिक भरलेलं, आणि खांद्यावरचा तुकडा वेगळा आहे तो याच्याशी कुठूनच जुळत नाही, रुंदीतच फरक दिसतो. अमेरिकनाला तर पट्टाच दिलेला नाही.

तर पट्टा कशाचा करू? कागद, मास्किंग टेप, शिशाची फॉइल, प्लास्टिक शीट सगळ्याबद्दल वाचलं आणि जो तो आपलंच मटेरियल सगळ्यात भारी म्हणतो. रुंदी किती ठेवायची? आणि खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याचं मला काही उमगत नाहीये, रायफल आधी चिकटवायची की पट्टा आधी, आणि मुठीतून तो ओवायचा कसा? पट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय एवढ्यावर मला थांबायचं नाहीये, ज्याला ती रायफल माहितीये त्याने जवळून बघितलं तरी बरोबर वाटायला पाहिजे.

राखाडी प्रायमर

छान प्रश्न, आणि बरं झालं रंगाच्या आधी विचारलंत.

मटेरियल ठरवायच्या आधी जाडीचा हिशोब करा, अर्धे वाद तिथेच मिटतात. चामड्याचा रायफलचा पट्टा साधारण ३ मिमी जाड धरा. ३५ ने भागलं की ०.०९ मिमीच्या आत येतो. आपला प्रिंटरचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी असतो, म्हणजे साधा कागदच जवळजवळ बरोब्बर जाडीचा आहे. ०.१३ मिमीची स्टायरिन शीट घेतली तर ती खऱ्या मापात साडेचार मिमी होते, जरा जाड पण नाईलाजाने चालेल. आता किटमधला ओतलेला पट्टा मोजून बघा, अर्धा मिमी तरी निघेल, आणि अर्धा मिमी म्हणजे प्रत्यक्षात साडेसतरा मिमी जाडीचं चामडं! म्हणून तो कितीही सुंदर रंगवला तरी खोटाच दिसतो, डोळ्याला रंगाच्या आधी कडेची जाडी दिसते. उलट्या बाजूने स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल फारच पातळ, एकेरी वापरली तर स्केलमधे अर्ध्या मिमीची होते आणि रिबिनीसारखी चुरगळते.

रुंदी सांगतो. गारँडचा पट्टा सव्वा इंची, म्हणजे ३२ मिमीच्या आसपास, १/३५ मधे ०.९ मिमी. कार ९८केचा त्यापेक्षा अरुंद, जवळपास २५ मिमी, म्हणजे ०.७. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो पण दोन्ही सैनिक एकाच बेसवर शेजारी उभे केले की लगेच कळतो, त्यामुळे दोघांचे पट्टे एकाच पट्टीतून कापू नका.

आता माझं मत. ताणलेल्या पट्ट्याला कागद, सैल लोंबणाऱ्याला शिशाची फॉइल. शिशाला अजिबात स्प्रिंग नसते, वाकवलं तसं राहतं, म्हणून लोंबत्या पट्ट्याचा झोल त्यात सुंदर येतो. पण हाच गुण ताणलेल्या पट्ट्यात नडतो कारण चिमट्याचा प्रत्येक स्पर्श त्यावर खळगा पाडतो आणि सरळ रेषा कधी सरळ राहत नाही. कागदाचं उलटं, तो ताणून धरला की सरळच राहतो, मग वरून पातळ सुपरग्लू पाजला की टणक होतो.

कापताना नवीन ब्लेड आणि स्टीलची पट्टी. कटिंग मॅटवर फॉइल कापली की मॅट मऊ असल्यामुळे कड खाली दबून गोल होते, काचेवर कापा, धार स्वच्छ येते (ब्लेड लवकर बोथट होतं, होऊ द्या). आधी शीटची एक कड कापून सरळ करून घ्यायची, मग पट्टी सरकवून दुसरा काप. लागतील त्यापेक्षा बऱ्याच जास्त पट्ट्या काढा आणि त्यातल्या दोन्ही कडा समांतर असलेल्या तेवढ्याच ठेवा.

शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कोरडं घासू नका म्हणजे धूळ उडणार नाही, लहान मुलं घरात असतील तर तुकडे उघडे ठेवू नका. आणि शिशाला सगळ्या बाजूंनी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) हवाच, कापलेल्या टोकांनासुद्धा. ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते आणि उघडं राहिलेलं शिसं कालांतराने पांढरी भुकटी धरायला लागतं.

चिमटा आणि भिंग

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण माझ्या मते पट्टा खोटा दिसण्याचं जाडीपेक्षा मोठं कारण त्याचा रस्ता हे आहे.

कमरेचा चामडी पट्टा काढून टेबलावर सपाट ठेवा आणि न उचलता डावीकडे वळवायचा प्रयत्न करा. वळत नाही. चपटी पट्टी फक्त जाडीच्या दिशेने वाकते, कडेच्या दिशेने नाही. तिला बाजूला जायचं असेल तर ती पीळ घेते. रायफलचा पट्टा पण हेच करतो आणि फिगर्समधे नेमकं हेच चुकतं, कारण फॉइल निमूटपणे कडेवरही वाकते, आतली कड चुरडते आणि बाहेरची ताणली जाते, रंगवल्यावर कारण सापडत नाही पण काहीतरी विचित्र दिसत राहतं. म्हणून शेवटचा पट्टा फॉइलचा असला तरी पहिला नमुना कागदाचाच करायचा. कागद जिथे जायला नकार देतो तिथे खरा पट्टाही गेला नसता.

तुमच्या जर्मनाकडे येतो. नळी वर असताना पट्टा रायफलच्या मागच्या बँडपासून (लाकडाभोवतीच्या धातूच्या कड्यापासून) सुटतो, खांद्यावरून पुढे येतो, छातीवरून खाली मुठीत, मुठीतून काखेखालून मागे आणि दस्त्याला जातो. हा सगळा रस्ता एका तुकड्यात करायचा हट्ट धरू नका. दोन तुकडे करा, मुठीच्या वरचा आणि मुठीच्या खालचा. जोड मुठीच्या आत लपतो. मूठ ओतीव बंद असेल तर वरून आणि खालून ब्लेडच्या टोकाने छोटी खाच कोरा, पट्टा आत शिरल्यासारखा दिसला की झालं, आरपार ओवायची गरज नाही.

रायफल आधी की पट्टा आधी याचं उत्तर दोन्ही. रायफलच्या मागे आणि पाठीत ०.५ मिमीच्या पितळी तारेची पिन बसवा म्हणजे रायफल नेमक्या त्याच जागी पुन्हा पुन्हा लावता काढता येते. लावलेली असताना मास्किंग टेपची बारीक पट्टी खऱ्या रस्त्याने फिरवून लांबी मोजा, मग टेप सोडवून त्या मापाने पट्टा कापा. टोकं रायफलच्या कड्यांना आधी जोडायची, मग रायफल पिनवर बसवायची आणि मग मोकळी टोकं मुठीत न्यायची.

आणि वजन दाखवा! भरलेली रायफल चार किलोच्या आसपास असते. ते वजन खांद्यावर एका इंचाच्या पट्टीवर येतं, तर कापड दबलं पाहिजे. पट्ट्याच्या रस्त्यावर खांद्याच्या शिवणीपाशी गोल फाईलने अगदी उथळ खाच पाडा आणि दोन्ही बाजूंना पुट्टीच्या एक दोन बारीक चुण्या उठवा. पट्टा कापडावर नुसता टेकलेला दिसला तर रायफल रिकामी, पोकळ वाटते. खांद्यापासून त्या बँडपर्यंतचा भाग तर पूर्ण सरळ रेषाच हवी, तिथे जरासुद्धा झोल आला की सगळा परिणाम गेला.

पितळी कडी

दोघांनी छान लिहिलंय, मी फक्त पट्टा कुठे आणि कसा अडकतो याबद्दल लिहितो कारण "ज्याला ती रायफल माहितीये" तो माणूस सगळ्यात आधी तिथेच बघणार.

कार ९८केचा पट्टा खाली नसतो, डाव्या बाजूला असतो. पुढे मागच्या बँडच्या डाव्या अंगाला अडकतो आणि मागे दस्त्यात आरपार खाच आहे तिच्यातून जातो, बकल दस्त्याच्या बाजूला येतं. त्यामुळे ही रायफल खांद्याला अडकवली की पाठीवर चपटी पडते, डावी बाजू अंगाकडे आणि बोल्टचा दांडा बाहेर. गारँड, ब्रिटिश ली-एनफील्ड यांच्या कड्या खालच्या बाजूला, म्हणून त्या खांद्यावर असताना घोड्याची बाजू अंगाकडे येते आणि रायफल कडेवर उभी राहते. बऱ्याच ठिकाणी एकाची रायफल काढून दुसरी चिकटवतात आणि तीच पोज ठेवतात, तिथेच सगळं बिघडतं. तुमच्या किटमधली दस्त्याची खाच नुसती वरवर कोरलेली असणार, ०.३ च्या ड्रिलने ओळीत भोकं पाडा आणि ब्लेडने जोडून आरपार करा, नजर तिथेच जाते त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

गारँडला नळीच्या टोकाकडे एक छोटी कडी असते, पट्टा तिला लावायचा नाही. ती रायफली एकमेकींना टेकवून उभ्या करायला असते. पट्ट्याची कडी तिच्या बरीच मागे, खालच्या बँडवर, आणि दुसरी दस्त्याच्या खाली. ली-एनफील्डलाही टोकाजवळ अशीच कडी असते आणि तिथेही हीच चूक दिसते.

गारँडसाठी दोन प्रकारचे पट्टे वापरात होते. एक चामड्याचा एम१९०७, तो दोन तुकड्यांचा, जोड भोकांच्या रांगा आणि धातूचे दुहेरी हुक, बराचसा भाग दोन पदरी दिसतो. दुसरा कापडी, विणलेला, एकसलग आणि खूप साधा. १/३५ मधे सैल लोंबता पट्टा दाखवायचाय तर कापडी निवडा असं मी म्हणेन, तो छान लोंबतो आणि कामही कमी. चामडी एम१९०७ च करायचा असेल तर दोन पदर खरंच दोन तुकड्यांचे करा, त्या पदरांमधली बारीक सावलीच त्याची ओळख आहे.

पुढे मागे कामाला येईल म्हणून अजून थोडं. ली-एनफील्डच्या विणलेल्या पट्ट्याला बकल नसतंच, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या असतात आणि टोक कडीतून फिरवून पट्ट्यालाच अडकवतात. तिथे बकल लावलं की जाणकार लगेच ओळखतो. रशियन मोसिन १८९१/३० ला कड्याच नाहीत, लाकडात पुढे मागे आरपार खाचा, त्यातून चामड्याचे छोटे फास आणि पट्टा त्या फासांना. आणि एम१ कार्बाइन तर मला सगळ्यात आवडते, दस्त्यातल्या खाचेत तेलाची छोटी नळकांडी बसते आणि पट्टा तिच्याभोवती फिरून अडकतो, म्हणजे तेलाची कुपीच खिळीचं काम करते. ती कुपी काढून टाकली तर पट्टा सुटेल, त्यामुळे कुपीशिवाय पट्टा दाखवू नका.

जुने फोटो बघताना एक काळजी घ्या, कितीतरी फोटो उलटे छापलेले असतात. बोल्टचा दांडा डावीकडे दिसला तर फोटो आरशातला समजा, नाहीतर कार ९८केचा पट्टा तुम्ही उजवीकडे लावून बसाल. खिशांची आणि जाकिटाच्या बटणपट्टीची बाजूही ताडून बघा. आजच्या हौशी लोकांचे युनिफॉर्म घातलेले फोटो पट्टा लोंबतो कसा हे बघायला उत्तम, पण जोडणी बघायची असेल तर त्या काळातलेच फोटो घ्या.

पावइंच

मास्किंग टेपला सगळे नावं ठेवतात पण मी १/७२ वाला आहे आणि माझ्यासाठी टेपच बरी. तिथे गारँडचा पट्टा ०.४५ मिमी रुंद येतो, एवढ्या बारीक कागदाला गोंद लावत बसणं शक्य नाही, टेप मागून स्वतःच चिकटते. मॉडेलिंगसाठी मिळणारी पिवळी पातळ टेप घ्या, भिंती रंगवायची जाड सुरकुतलेली नको. टेपचा गोंद जुना झाला की कडा सुटतात हे खरंय, म्हणून लावून झाल्यावर दोन्ही कडांना पातळ सुपरग्लूचं टोक टेकवायचं, मग नाही हलत. मोकळ्या लोंबत्या भागासाठी दोन टेप गोंदाकडून एकमेकींना चिकटवून मग कापा म्हणजे चिकट बाजूच उरत नाही.

राखाडी प्रायमर

१/७२ ला मान्य. १/३५ ला मात्र दुहेरी टेप मला जाड वाटते, आणि टेपचा पोत रंगाखालून डोकावतो.

मोठी फिगर

मी १/१६ करतो, तिथे गणित बदलतं त्यामुळे लिहितो. पट्टा २ मिमी रुंद येतो, कागदाची कड एवढ्या मापात कागदाचीच दिसते. मी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी टाल्कम पावडर लावलेल्या गुळगुळीत प्लास्टिकवर लाटतो, रबरासारखी होईपर्यंत थांबतो आणि मग पट्ट्या कापतो. त्या अवस्थेत ती पीळ पण घेते आणि वजनाने लोंबतेही, शिवाय कडेने सुईच्या टोकाने टाके उमटवता येतात, एम१९०७ ची जोड भोकंही. कापडी पट्ट्याला विणीचा पोत हवा तर अगदी बारीक जाळीचं कापड हलकं दाबायचं. १/३५ वाल्यांनी पोताच्या मागे लागू नये, खरी वीण १ मिमीची धरली तरी तुमच्याकडे ०.०३ मिमी होते, ती दिसली तर स्केलच्या बाहेर गेली.

तोफखाना३५

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. आल्या आल्या रायफल ताडून बघितली, किटवाल्यांनी दस्त्याची खाच डावीकडे दिलीये पण उजवीकडे काहीच नाही, म्हणजे आता आरपार करतो. गारँडला कापडी पट्टाच करणार. कागदाचा नमुना खांद्यावरून फिरवून बघितला आणि भिंगवाल्या दादांचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं, किटचा ओतीव तुकडा जिथून जातो तिथून कागद जायलाच तयार नाही.

आता शेवटचे दोन प्रश्न. बकल आणि कड्या कशाच्या करू, एचिंगचा सेट (पातळ पत्र्यातून कोरलेले धातूचे भाग) घ्यायलाच हवा का? आणि रंग पट्टा लावून झाल्यावर द्यायचा की आधी?

पितळी कडी

एचिंगचे बकल असतील तर वापरा, पण कड्यांसाठी तार जास्त बरी, कारण एचिंग चपटं असतं आणि खरी कडी गोल सळईची असते. लवचिक वायरच्या आतले तांब्याचे केस, म्हणजे बारीक तारा, घ्या. कडीची सळई ४-५ मिमीची धरली तर तुम्हाला ०.१३ च्या आसपासचा केस लागतो, ०.२ चा जरा जाड दिसेल पण चालतो. पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित रुंद अशी प्लास्टिकची चपटी पट्टी घ्या, तिच्यावर तार स्प्रिंगसारखी गुंडाळा, आणि ब्लेडने एका बाजूने उभी कापत जा, एकसारख्या चौकोनी कड्या सुटतात. तार आधी आचेवर क्षणभर धरून मऊ केली तर कोपरे जास्त टोकदार येतात. जोड नेहमी पट्ट्याच्या घडीत लपवा. सरकतं बकल पण याच कडीला मधे एक आडवा केस चिकटवून होतं, १/३५ ला तेवढं पुरे.

पट्ट्याचं टोक कडीतून घालून मागे दुमडायचं विसरू नका, अगदी २ मिमी दुमडलं तरी चालेल. कडीपाशी नुसतं टोक टेकवून चिकटवलेला पट्टा चटकन ओळखू येतो.

चिमटा आणि भिंग

रंगाचं मी सांगतो. ताणलेला पट्टा फिगरवरच रंगवा, कारण चिकटवताना सुपरग्लूचे डाग पडणारच आणि ते रंगाखाली गेलेले बरे. फक्त त्याच्या मागचं कापड आणि रायफलची आतली बाजू आधी रंगवून घ्या, नंतर ब्रश तिथे पोचत नाही. सैल पट्टा मात्र आकार देऊन, रायफलला लावून बघून, परत काढून दोन्ही बाजूंनी रंगवा आणि शेवटी लावा. रंग अॅक्रिलिक असू द्या, तो थोडा लवचिक राहतो, लावताना पट्टा जरा हलला तरी तडकत नाही. एनॅमल वाळल्यावर घडीपाशी सोलून निघतं.

चामडं आणि कापड यातला फरक रंगापेक्षा चमकेत जास्त दिसतो. चामड्याला सॅटिन, जिथे बकल घासतं आणि जिथे हात धरतो तिथे किंचित जास्त चमक आणि गडद रंग, कडा मात्र झिजून फिक्या. कापडी पट्टा ठार मॅट, उन्हाकडची बाजू फिकी आणि घडीच्या आतली मूळ रंगाची, या एका गोष्टीने गारँडचा पट्टा जिवंत होईल. पट्टा जिथे कापडाला टेकतो तिथे दोन्ही कडांना गडद तपकिरी रंगाची बारीक रेघ ओढा, शुद्ध काळी नको. मॅट वार्निश द्यायचं असेल तर धातूचे भाग त्यानंतर रंगवा, नाहीतर कड्या आणि हुक सगळे प्लास्टिकचे वाटतात.